ब्रॅकेटवरचा श्री

मंगळवारी सकाळी डगने एक पुठ्ठ्याचं खोकं विनीताच्या टेबलावर आणून ठेवलं. खोक्यावर मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोच्या कस्टम्सचं लेबल होतं आणि आत फोममध्ये बसवलेलं एक लोखंडी ब्रॅकेट. गाडीच्या चाकाजवळ ब्रेक धरून ठेवतं ते. असली लाखभर ब्रॅकेटं दरवर्षी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या या ऑफिसातून कागदावर जात-येत, आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी त्यातलं एकही कधी हातात धरलेलं नव्हतं. विनीताने धरलं होतं. कोल्हापूरला, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, गुरुनाथकाकांच्या फाउंड्रीत.

"कस्टम्सला एक प्रश्न पडलाय," डग म्हणाला. तो तिचा बॉस. "उलटं करून आतल्या बाजूला बघ."

तिने ब्रॅकेट उलटं केलं. जिथे मशीनचं हत्यार पोचत नाही अशा खोलगट जागी नखाएवढी एक खूण लोखंडातच उठलेली होती.

"मेक्सिकोचा कारखाना म्हणतो, ही आमची खूण नाही. मग कुणाची? गुरुवारी दहा वाजता वकिलांबरोबर मीटिंग आहे, त्याआधी उत्तर हवंय. तुला काही कल्पना?"

"बघते," विनीता म्हणाली.

बघायचं काय होतं त्यात! डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं असतं तरी तिने ती खूण ओळखली असती. तो श्री होता. आणि तोही कुणाचाही नव्हे, तिच्या वडिलांच्या हातचा. वेलांटीचा वरचा बाक गरजेपेक्षा जास्त ओढायची त्यांची खोड होती, आणि ती खोड आता अमेरिकेच्या कस्टम्सने लाल पेनाने गोल करून पाठवली होती.

विनीताचे वडील, त्र्यंबक सुतार, त्या फाउंड्रीत पॅटर्न करत. ओतकामात आधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. त्यावरून अॅल्युमिनियमचा करतात, तो वाळूत दाबतात, आणि वाळूत राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. पॅटर्नवर जे असेल ते प्रत्येक नगावर उमटतं. आपल्याकडे जुनी माणसं माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय साधं पोस्टकार्ड सुरू करत नसत. त्र्यंबक सुतारांचं तसंच होतं. पॅटर्न पुरा झाला की ते शिसवीच्या तुकड्यातून एवढासा श्री कोरत आणि कुठे मशीन लागणार नाही ती जागा हेरून तिथे चिकटवत. चाळीस वर्षांत पुण्याच्या, चेन्नईच्या, अगदी जर्मनीच्या गिऱ्हाइकानेही कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं. इतक्या आत वाकून बघतंय कोण? या ब्रॅकेटचा पॅटर्न हे त्यांचं शेवटचं काम. ते गेल्याला आता सात वर्षं झाली होती.

कोल्हापूरचं ब्रॅकेट मेक्सिकोमार्गे का आलं, हे इथे सांगायला हवं. सांगताना विनीताची बाजू घ्यायचा मोह होतो, पण घेता येत नाही.

आधी ते सरळ येत होतं. विनीतानेच ते आणलं होतं. डेट्रॉइटच्या भोवतालच्या शंभर कंपन्यांसारखी तिची कंपनी, जगभरातून भाग गोळा करून मोठ्या गाडीवाल्यांना पुरवणारी. तिथे तिने काकांच्या फाउंड्रीचं नाव सुचवलं, नमुने पास करवून घेतले, आणि सहा वर्षं काकांचा माल मुंबईहून जहाजात चढत राहिला. मग गाडीच्या परदेशी भागांवर पंचवीस टक्के आयातकर बसला आणि काकांची ऑर्डर एका आठवड्यात बंद झाली. कंपनीने त्यांना दोन ओळींचा ईमेल पाठवला. त्या दोन ओळी विनीतालाच लिहाव्या लागल्या.

मेक्सिकोची गोष्ट निराळी. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा या तिघांचा आपसात करार आहे. त्या कुंपणाच्या आत जे बनतं ते बिनकराचं येतं. बाहेर बनलेलं तेच लोखंड, त्याच वजनाचं, दारातच अडतं. भारताशीही बोलणी चाललीत, करार होणार, असं पेपरात सारखं येई, आणि काका ती कात्रणं मोबाइलवर पाठवत. होणारा करार भट्टीत घालून लोखंड वितळत नाही. फाउंड्रीत एकशे दहा माणसं होती. त्यांतली साठ घरी बसली.

तेव्हा विनीताने मेक्सिकोतल्या एका कारखान्याशी काकांची गाठ घालून दिली. कच्चं ओतकाम कोल्हापुरात, भोकं आणि फिनिशिंग मेक्सिकोत. इथवर त्यात खोटं काही नव्हतं. फक्त करारात अशी अट आहे की नुसती भोकं पाडून माल मेक्सिकोचा होत नाही. ओतकामही तिघांपैकीच एका देशात झालेलं हवं, नाहीतर कर भरा. दोन महिन्यांनी त्या कारखान्याचं प्रमाणपत्र तपासायला विनीताच्याच टेबलावर आलं. ओतकाम कुठे झालं? मेक्सिको. त्या कारखान्यात साधी भट्टी नाही, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी तिने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि खाली आपली सही केली. मी कुठे काही लिहिलंय, लिहिलं त्यांनी, अशी तिने स्वतःची समजूत घातली. डोळेझाक करणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. त्याच आठवड्यात काकांचा फोन आला होता, "दुसरी पाळी परत सुरू केली बघ, विनू." फोन ठेवल्यावर ती आनंदाने रडली होती. तो आनंद मात्र खरा होता.

खोकं आलं त्या मंगळवारी ती आपल्या गाडीत जाऊन बसली आणि तिथून काकांना फोन लावला. कोल्हापुरात संध्याकाळचे सहा वाजले होते.

"काका, ब्रॅकेटवर श्री आहे."

"हाय की," काका खुशीत म्हणाले. "तुझ्या बापाचा हात त्यो. का गं, तिकडं कुणाला आवडला काय?"

"मेक्सिकोवाल्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला, कुठलीही खूण ठेवू नका म्हणून?"

"सांगितलं की. आणि सगळं काढलं. फाउंड्रीचं नाव काढलं, इंडिया लिहिलेलं काढलं, तारखेचा शिक्का काढला. मी स्वतः उभा राहून काढून घेतलं."

"मग श्री का ठेवलात?"

काकांना प्रश्नच समजला नाही. "अगं, त्यो कुठं आपलं नाव हाय?" ते म्हणाले. "नाव काढा म्हणाले, नाव काढलं. गाव काढा म्हणाले, गाव काढलं. देवाला कोण काढतंय?"

विनीताने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. तिला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं हे कळून तो राग कुठे ठेवावा ते समजेना. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. कस्टम्सने ते ओतकाम भारतातलं आहे हे शोधलं तर मागचा सगळा कर दंडासकट निघेल, मेक्सिकोवाले त्याच दिवशी हात वर करतील, आणि फाउंड्रीला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. स्वतःचं तिने सांगितलं नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, हे व्हिसावर आलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. ते काकांना सांगून काय उपयोग?

"पुढच्या मालावर तो दिसता कामा नये, काका. गुरुवारी मला इथे सही करून उत्तर द्यायचंय, तोवर इथलं काहीतरी बघते."

"काढायचा म्हणतीस?"

"हो."

"त्र्यंबकनं चिकटवलाय गं त्यो. आजारी होता. हात थरथरत होता तरी कुणाला हात लावू दिला नाही."

"मला माहीत आहे, काका."

"बरं," काका म्हणाले. "तू म्हणतीस तर काढतो." आणि तिने आणखी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत प्रसाद तिच्या टेबलाशी आला. प्रसाद नागपूरचा, क्वालिटीमध्ये इंजिनिअर. ट्रॉयमध्ये देवनागरी वाचणारी माणसं गल्लीगल्लीत सापडतात, हे विनीताला ठाऊक होतं. त्यातला एक इतक्या लवकर सापडेल असं मात्र वाटलं नव्हतं. त्याने सहज ब्रॅकेट उचललं, उलटं केलं आणि एकदम त्याचा चेहरा खुलला.

"अरे, हे तर आपलं श्री! मेक्सिकोच्या पार्टवर? काय भारी आहे यार!"

"हळू बोल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, लेबल पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हुशार होता तो. ब्रॅकेट त्याने पुन्हा फोममध्ये इतकं अलगद ठेवलं की जणू उचललंच नव्हतं.

"डिफेक्ट म्हण," तो खाली बघत कुजबुजला. "वाळू निसटली, लोखंडाला खपली आली, मार्क पडला. असे हजार मार्क येतात. कोणी चॅलेंज करणार नाही."

"तू तसा रिपोर्ट देशील?"

"माझं ग्रीन कार्ड फायनल स्टेजला आहे, विनीता. मी हे बघितलंच नाही." जाता जाता तो थांबला. "सॉरी यार," म्हणाला आणि गेला. त्याला नावं ठेवायचा अधिकार विनीताला नव्हता. तिने त्या दिवशी घरी जाऊन डिफेक्टचं निवेदन स्वतःच टाइप केलं. तीन वाक्यं होती. तिसऱ्या वाक्यात तिने लिहिलं की सदर खुणेला कोणताही अर्थ नाही.

गुरुवारी सकाळी सातला काकांचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला, एक फोटो आणि एक आवाजातला संदेश. विनीताने तो उघडला नाही. आत्ता वडिलांच्या कामाचं काही पाहिलं तर मीटिंगमध्ये बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं.

दहा वाजता मीटिंग सुरू झाली. खोलीत ती आणि डग, आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर वॉशिंग्टनहून एक वकीलबाई. डग वाईट माणूस नव्हता. त्याच्या शेजारी मालिनी नावाच्या पुण्याच्या बाई राहत. त्याच्या मुली त्यांच्या मुलींबरोबरच वाढल्या होत्या, त्याला पुरणपोळी ओळखता येई, आणि विनीताच्या घरी आला की तो कुणी न सांगता बूट दाराशी काढी. आपल्या माणसांवर तो विश्वास ठेवी. त्या सकाळी विनीताला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटत होती.

वकीलबाईंनी ब्रॅकेट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, खुणेचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "मिस सुतार, तुम्ही भारतातल्या. हे भारतातल्या एखाद्या लिपीतलं अक्षर आहे का?"

"नाही," विनीता म्हणाली.

तिला वाटलं होतं आवाज कापेल. तो अजिबात कापला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

"नक्की?"

"वाळूच्या साच्यातला दोष आहे. अशा खुणा पडतात. तिला काही अर्थ नाही."

"छान," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना हेच हवं होतं. सगळ्यांनाच हेच हवं होतं. "मग निवेदनावर सही करा, मी आजच पाठवते. खोटं निवेदन हा गुन्हा आहे, हे मला नियमाप्रमाणे सांगावं लागतं. तेवढं ऐकून घ्या."

डगने टेबलावर आपल्यासमोर कागद पसरले. ब्रॅकेटला तेल होतं, कागदाला डाग पडेल म्हणून त्याने ते उचलून खाली, दोन खुर्च्यांच्या मधे गालिच्यावर ठेवलं. मग पेन तिच्यासमोर सरकवलं.

विनीता सही करायला उठली. खुर्ची मागे सरली, ती एक पाऊल पुढे आली, आणि तिच्या बुटाचं टोक ब्रॅकेटला लागलं.

पुढे जे झालं ते तिने केलं असं म्हणता येत नाही. ते आपोआप झालं. लहानपणापासून पुस्तकाला, धान्याला, माणसाला पाय लागला की होतं तसंच. ती वाकली, उजव्या हाताची बोटं ब्रॅकेटला लावली आणि ती कपाळाला लावली. स्क्रीनवरच्या बाईंना ती क्षणभर टेबलाआड दिसेनाशी झाली आणि परत दिसली, एवढंच. वर आली तेव्हा तिच्या कपाळावर तेलाचा काळा डाग होता.

डग तिच्याकडे बघत होता.

तिने पेन उचललं. डगने सावकाश हात पुढे केला आणि कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"आम्हाला दहा मिनिटं द्या," त्याने वकीलबाईंना सांगितलं आणि स्क्रीन बंद केला.

डगने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मालिनीच्या मुली असं करतात," तो म्हणाला. "पुस्तकाला पाय लागला की. माझी धाकटीसुद्धा आता करते, मी विचारलं होतं तिला का म्हणून." त्याने खाली ब्रॅकेटकडे पाहिलं. "वाळूतल्या दोषाला कुणी असं करत नाही, विनीता. काय आहे ते?"

खोटं आणखी एक बोलता आलं असतं. तशी सवय झालीच होती. पण कपाळावर तेल होतं, आणि त्या तेलाला भट्टीजवळच्या वाळूचा वास येत होता, निदान तिला तरी तसा आला.

"श्री," ती म्हणाली. "देवाचं नाव. कामाच्या आरंभी लिहितात. माझ्या वडिलांनी कोरलंय ते."

"कुठे?"

"कोल्हापूरला."

डगने डोळे मिटून घेतले. "मी कस्टम्सला खरं कळवणार," तो म्हणाला. "मला दुसरा मार्ग नाही. आपण होऊन सांगितलं तर कंपनी वाचेल." मग तो म्हणाला, "तू सही केली नाहीस, तेवढं मी सांगेन. आधीच्या प्रमाणपत्रावर तुझी सही आहे, त्याचं मला काही करता येणार नाही."

"आणि फाउंड्रीचं?"

मेक्सिकोहून वाटेत असलेले चार कंटेनर त्याने तिच्यासमोरच फोन करून थांबवले, आणि मेक्सिकोला पुढची ऑर्डर रद्द झाल्याचं कळवायला सांगितलं. या वेळी ईमेल तिला लिहावा लागला नाही. तिचा लॉगिन तोवर बंद झाला होता.

अकराच्या सुमाराला ती पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसली होती. मांडीवर टेबलावरच्या वस्तूंचं खोकं होतं, त्यात कॉफीचा मग आणि आईवडिलांचा फोटो. तिने मोबाइल उघडला. सकाळचा फोटो समोर आला. ब्रॅकेटचा लाकडी पॅटर्न, जुना, हाताळून गुळगुळीत झालेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला नखाएवढी फिकट जागा. पॅटर्नशेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर शिसवीचा श्री पडलेला होता. दोन तुकडे झाले होते. वेलांटी वेगळी झाली होती.

तिने आवाज लावला.

"विनू, अॅल्युमिनियमच्या पॅटर्नवरचा काल घासून टाकला. पण लाकडावर राहिला तर उद्या नवा पॅटर्न ओतताना परत उमटंल, म्हणून आज त्योही काढला. पोरांपैकी कुणी हात लावायला तयार हुईना, मग मीच काढला. त्र्यंबकच्याच पटाशीनं. लई घट्ट बसवलावता बघ त्यानं. निघताना मोडला, त्याला माझा इलाज नाही. पुडीत बांधून ठेवलाय, तू आलीस की देतो." मग थोडं खाकरणं, मागे माणसांचे आवाज. "दुपारी पहिला घाणा बिनश्रीचा ओतला. सगळी गपगार उभी होती. पण म्हटलं, एकशे दहा चुली हाईत, देव समजून घील. आता तिकडं कुणाला काय बी कळायचं नाही. आता तू बिनघोर सही कर."

संदेश संपला. विनीताने तो परत लावला नाही. कोल्हापुरात साडेआठ वाजले होते, दुसरी पाळी भरात असणार. कुणीतरी सांगायच्या आत आपणच सांगायला हवं, एवढं एकच काम आता तिच्याकडे उरलं होतं.

तिने फोन लावला. काकांनी पहिल्याच घंटीला उचलला. मागे भट्टी चालू होती.

"झाली का गं सही?" त्यांनी विचारलं.